उतरायला चोर्ला, चढायला आंबोली: कोल्हापुरातून तीन राज्यांची चार दिवसांची फेरी

कोल्हापूरकराला परराज्यात जायला फार कष्ट पडत नाहीत. कागल सोडून दूधगंगा ओलांडली की कोगनोळीला पाट्या कानडी होतात, आणि घरून पिऊन निघालेल्या चहाची चव तोवर तोंडातून गेलेलीही नसते. पण या हद्दीकडं आपण बघतो कसं? पहाटे चारला उठायचं, दहाच्या आत गोवा गाठायचा, मधला रस्ता म्हणजे नुसती अडचण. मीही कितीतरी वर्षं असाच जायचो. परत आल्यावर रस्त्यातलं आठवायचं काय, तर टोलनाका आणि कुठल्यातरी ढाब्याचा कोमट वडा.

नव्यानं गाडी घेतलेल्या, शहराबाहेर लांब चालवायचा अजून सराव नसलेल्या मंडळींसाठी एक वेगळी फेरी सांगतो. कोल्हापूर, गोकाक, बेळगाव, चोर्ला घाट, साखळी, पणजी, सावंतवाडी, आंबोली, आजरा आणि परत कोल्हापूर. चार दिवस, तीन मुक्काम. मुख्य रस्ता धरला तर साधारण पाचशे किलोमीटर, आडवाटा धरून सहाशे. एवढं अंतर काही जण एका दिवसात तोडतात. तोडू देत.

आधी दिशा ठरवा

ही फेरी दोन्ही बाजूंनी करता येते, पण नवख्या हाताला मी एकच बाजू सांगेन. उतरायचं चोर्ल्यानं आणि चढायचं आंबोलीनं. चोर्ला घाट त्या मानानं सौम्य आहे, वळणं पसरट आहेत. आंबोलीचा घाट जुना, उताराला तीव्र, आणि वळणावळणावर समोरून एसटी येते. घाट चढताना इंजिन दमतं, पण गाडी तुमच्या हातात राहते. उतरताना सगळा भार ब्रेकवर येतो आणि चूक तिथंच होते.

आमच्याकडून ती झाली. माझे दाजी तसे मुरलेले ड्रायव्हर, पण पेट्रोल वाचवायचा त्यांना भारी सोस. आंबोलीहून सावंतवाडीकडं उतरताना त्यांनी गाडी न्यूट्रल केली आणि नुसत्या ब्रेकवर सोडली. धबधबा मागं पडल्यावर गाडीत जळका वास यायला लागला. बहीण म्हणाली, बाहेर कुणीतरी टायर पेटवलाय. दाजींनी ब्रेक दाबला तर पेडल गादीत पाय रुतावा तसं आत गेलं. त्यांनी कसंबसं दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढत गाडी डोंगराच्या बाजूला नेऊन थांबवली. पुढच्या चाकांतून निळसर धूर येत होता. मी बाटली घेऊन पाणी ओतायला धावलो, तर मागून आलेला ट्रकवाला ओरडला, "ओतू नगासा पाणी, डिस्क तडकंल! अर्धा तास बसा गप." मग दाजींकडं बघून म्हणाला, "मामा, ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं." घाटात गाडी चालवायचं शिक्षण म्हणजे एवढंच एक वाक्य आहे. चोर्ला उतरताना दुसरा-तिसरा गिअर धरा, ब्रेक थोडा दाबून सोडा, दाबून सोडा, आणि गाडी न्यूट्रलला कधीही टाकू नका.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. आंबोली चढताना हा नियम तुमच्या बाजूनं असतो. समोरच्याला तो ठाऊक असेलच असं मात्र धरून चालू नका.

कधी निघायचं

जुलै-ऑगस्टात आंबोली भरात असते आणि रविवारी मुख्य धबधब्यापाशी रंकाळा चौपाटीपेक्षा जास्त गर्दी असते. धुकं असं उतरतं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही. नवख्यानं पावसाळ्याची ती धुंदी दुसऱ्याच्या गाडीतून अनुभवावी. सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबर हा माझा आवडता काळ. धबधब्यांना पाणी असतं, आजरा भागात भात पिवळं पडत असतं आणि रस्ते बऱ्यापैकी दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, मात्र धबधबे बारीक होत जातात. मार्चनंतर ही फेरी करू नका, गोकाकला नुसता खडक बघायला मिळेल.

तारीख ठरवताना आपल्या सीमाभागाचं एक पथ्य पाळा. १ नोव्हेंबरला कर्नाटकचा राज्योत्सव असतो आणि बेळगावातली मराठी मंडळी तो काळा दिवस म्हणून पाळतात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटकाचं अधिवेशन भरतं, तेव्हाही वातावरण तापायला निमित्त लागत नाही. वाद पेटला की दोन्हीकडच्या एसटी बंद होतात आणि परराज्यातल्या नंबरप्लेटकडं लोकांचं लक्ष जातं. एरवी एमएच ०९ची गाडी बेळगावात कुणाच्या खिजगणतीतही नसते. निघायच्या आदल्या रात्री निपाणी-बेळगावच्या बातम्या चाळा, एवढं पुरे.

कागद आणि गाडी

खासगी गाडीला फिरण्यापुरतं दुसऱ्या राज्यात न्यायला वेगळा परवाना लागत नाही. आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स हवं. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं चालतात, पण चोर्ला आणि आंबोलीत रेंज जाते, म्हणून झेरॉक्सचा एक संच डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पिवळ्या पाटीची गाडी भाड्यानं घेणार असाल तर कर्नाटक आणि गोवा दोन्हींचा परवाना व कर भरलाय का, हे मालकाला आधीच विचारा. नाक्यावर कळलं तर खोळंबा तुमचा होतो.

गाडीचं काय बघायचं? ब्रेक पॅड, टायर, स्टेपनीतली हवा, वायपरची रबरं, कूलंट. स्टेपनीतली हवा मुद्दाम लिहिली, कारण ती कुणीच बघत नाही. जॅक कुठं लावायचा ते घराच्या दारात एकदा करून बघा. जांबोटीच्या जंगलात पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नव्हे.

पेट्रोलचा हिशोब सोपा आहे. सहाशे किलोमीटर आणि घाटात पंधराचं ॲव्हरेज धरलं तर चाळीस लिटर. गोव्यात पेट्रोल साधारणपणे आपल्यापेक्षा स्वस्त असतं, तेव्हा कोल्हापुरात टाकी भरा, गोव्यात रिकामी होत आली की पुन्हा भरा. बेळगाव सोडल्यावर चोर्ला उतरेपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका.

खाऊ म्हणून भडंग घ्या. सांडलं तरी झाडता येतं, आणि घाटात पोट ढवळतं तेव्हा कोरडं खाणंच बरं. मागच्या सीटवर पोरं असतील तर आलेपाक आणि दोन-तीन कॅरीबॅगा हाताशी ठेवा. बाकी तुम्हाला कळलंच.

पहिला दिवस: गोकाक, मग बेळगाव

सातला निघा. निपाणी चाळीस किलोमीटर, पुढं तवंदी घाट. घाट म्हणण्याइतका मोठा नाही, म्हणूनच लोक तिथं बेफिकीर होतात. ट्रकच्या मागोमाग डाव्या लेननं जा. संकेश्वरला महामार्ग सोडा आणि हुक्केरी, घटप्रभा करत गोकाक फॉल्सला पोचा. उसाचे ट्रॅक्टर लागतील. दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, आणि ट्रॅक्टरवर गाणी लावलेली. हॉर्न त्याला ऐकू येणार नाही, सरळ पट्टा आला की पुढं काढा.

गोकाकला घटप्रभा नदी सुमारे १७० फुटांवरून खाली कोसळते. धबधब्याचा आकार घोड्याच्या नालासारखा. पाणी भरपूर असतं तेव्हा ते पांढरं नसतं, काळ्या मातीतून आल्यामुळं दुधाच्या चहासारखं दिसतं. वरच्या अंगाला नदीवर जुना झुलता पूल आहे. चालायला लागलं की पायाखाली हलतो आणि फळ्यांच्या फटींतून पाणी दिसतं. तो खुला असेल तरच जा, बंद असेल तर रखवालदाराशी हुज्जत घालू नका. शेजारी चालुक्यांच्या काळातलं महालिंगेश्वराचं देऊळ आणि एकोणिसाव्या शतकातली सूतगिरणी. कड्याच्या खडकावर शेवाळ असतं, सेल्फीसाठी पुढं सरकणारी माणसं तिथं घसरतात. हे पाणी नीट बघून ठेवा, चौथ्या दिवशी त्याच्याशी पुन्हा गाठ आहे.

गोकाकचं करदंट घ्या. डिंक, सुकामेवा आणि गुळाची ही वडी आठ-दहा दिवस टिकते. बेळगावचा कुंदा मात्र ताजा खायचा, चार दिवस गरम डिकीत ठेवून घरी न्यायचा नाही. आम्ही नेला होता. घरच्यांनी तोंडदेखलं कौतुक केलं.

गोकाकहून बेळगाव साधारण साठ किलोमीटर. वाटेत रस्ता विचारायची वेळ आली तर 'एडक्के' म्हणजे डावीकडं आणि 'बलक्के' म्हणजे उजवीकडं एवढं पाठ असू द्या. 'एष्टु' म्हणजे किती. बेळगावात शिरलात की मराठीच बोला, चालतं.

दुसरा दिवस: किल्ला, कणकुंबी, चोर्ला

सकाळी बेळगावच्या किल्ल्यात जा. खंदक ओलांडून आत गेलं की कमलबस्ती लागते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बिचिराज नावाच्या मंत्र्यानं १२०४ साली बांधलेलं हे जैन मंदिर. मंडपात उभं राहून मान वर करा. छताच्या मधोमध दगडाचं कमळ उलटं लोंबतंय, पाकळीवर पाकळी, आणि आठशे वर्षं ते तसंच आहे. खाली काळ्या दगडाचे खांब इतके गुळगुळीत की स्वतःचं अंधूक तोंड दिसतं. किल्ल्यात लष्कराचा वावर आहे, तेव्हा दिसेल त्या इमारतीवर मोबाइल रोखू नका. बेळगावातच १९२४ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव.

दहाच्या आत शहर सोडा. जांबोटीनंतर झाडी दाट होते. इथं एक सावधगिरी सांगतो. फोनमधल्या नकाशानं मला एकदा 'अकरा मिनिटं वाचतील' म्हणून उजवीकडच्या गावरस्त्याला घातलं. दोन किलोमीटरवर डांबर संपलं, पाचवर रस्ताच संपला, समोर एका बाईनं वाळत घातलेली मिरची. तिनं न विचारताच हातानं खूण केली, मागं वळा. आमच्या आधी किती जण येऊन गेले असतील ते त्या खुणेवरून कळलं. नकाशा बेळगावातच डाउनलोड करून घ्या आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी ही नावं कागदावर लिहून ठेवा. या ओळीतलं नसलेलं नाव पाटीवर दिसलं की थांबून विचारा.

कणकुंबीला माउलीचं देऊळ आहे आणि तिथंच मलप्रभेचा उगम. उगमाचं कुंड लहानसं, गावातल्या विहिरीएवढं. मलप्रभा इथून पूर्वेला निघते आणि कर्नाटकातच पुढं कृष्णेला मिळते. थोडंच पुढं घाटमाथ्यावर पडणारा पाऊस पश्चिमेला म्हादई नदीकडं जातो. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोव्याचं इतकी वर्षं का जुंपलंय, हे वर्तमानपत्रातल्या नकाशापेक्षा इथं उभं राहून लवकर समजतं.

चोर्ल्यात तीनही राज्यांच्या हद्दी जवळजवळ येतात. थांबायचं तर वळणावर थांबू नका, रस्ता रुंद असेल तिथं पूर्ण बाहेर गाडी घ्या. माकडांना काही देऊ नका, पुढच्या गाडीच्या काचेतून ती आत शिरतात. धुकं लागलं तर हेडलाइट लो बीमवर ठेवा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायची आपल्याकडं सवय आहे. त्यानं तुम्ही वळणार की थांबलाय, हेच मागच्याला कळत नाही.

केरीला घाट संपतो आणि हवा एकदम चिकट होते. साखळीजवळ हरवळेला रुद्रेश्वराच्या देवळाशेजारी धबधबा आहे, आणि जवळच खडकात कोरलेली छोटी लेणी, लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. दुपारचं जेवण इथं आसपास उरका. मुक्काम पणजीत. समुद्र मिरामारला संध्याकाळी दिसेलच. ज्यांना किनाऱ्यावरच लोळायचंय त्यांनी आणखी एक दिवस वाढवावा, माझा आग्रह नाही.

तिसरा दिवस: पत्रादेवी ते सावंतवाडी

हा आरामाचा दिवस, गाडी जेमतेम साठ-सत्तर किलोमीटर चालते. सकाळी पणजीत भाजीपाव खा, फोंटेनाशमधल्या गल्ल्या पायी फिरा आणि अकराच्या सुमारास निघा.

गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे. बहुतेक गाड्या तिथून तिसऱ्या गिअरमध्ये निघून जातात. १५ ऑगस्ट १९५५ला निःशस्त्र सत्याग्रही हीच हद्द ओलांडून गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. गोवा मुक्त झाला तो पुढं १९ डिसेंबर १९६१ला. आज जिथं आपली तक्रार फार तर नाक्यावरच्या रांगेबद्दल असते, तिथं दहा मिनिटं थांबायला हरकत नसावी.

आता रांगेचं. गोव्यातून महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू आणणं गुन्हा आहे, आणि इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे. 'दोनच बाटल्या, भेट द्यायला' हे वाक्य तिथल्या माणसांनी आयुष्यभर ऐकलंय. सोबतच्या मित्राच्या बॅगेतलीही तुमच्याच गाडीत सापडते, हे त्याला पणजीतच बजावून ठेवा.

सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी गाडी लावा. राजवाड्यात गंजिफा रंगवतात. गोल पत्ते, त्यावर दशावतार, एकेक पान हातानं काढलेलं. चितारआळीत लाकडी खेळणी आणि लाकडाचीच फळं मिळतात. सीताफळ इतकं खरं असतं की आमच्या आईनं ते दाबून बघितलं होतं. संध्याकाळी तलावाभोवती चक्कर, रात्री वडे-सागुती आणि सोलकढी. तिखट कमी वाटेल, पण कोल्हापूरकराला ते सगळीकडंच वाटतं. मुक्काम इथंच करा. अंधारात आंबोली चढू नका.

चौथा दिवस: आंबोली आणि घरची वाट

सातला सुटा. आंबोली तीस किलोमीटर. सकाळच्या वेळी घाट तुमचाच असतो. इंजिन कण्हायला लागलं की गिअर लगेच खाली घ्या, जोर लावून वरच्या गिअरमध्ये रेटू नका. एसी बंद ठेवा, काच उघडा, तसाही गारवा येतो. तापमानाचा काटा वर सरकला तर गाडी कडेला घ्या, पण रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका.

माथा साधारण ६९० मीटरवर. कावळेसादला दरी बघा, नांगरतासला अरुंद घळीत पडणारं पाणी बघा. वेळ कमी असेल तर दोन्ही सोडा, पण हिरण्यकेशीला जा. मुख्य रस्ता सोडून थोडं आत एका गुहेतून पाणी बाहेर येतं, पुढं कुंड, वर महादेवाचं देऊळ. आवाज फक्त पाण्याचा. या कुंडातल्या एका छोट्या माशाची २०२० साली नवी प्रजाती म्हणून नोंद झाली. त्याचं नावही शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ साली राज्य सरकारनं ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तेव्हा कुंडात पाय सोडणं, साबण लावणं, नाणी टाकणं नको.

गुहेतून निघालेली हीच नदी आजरा आणि गडहिंग्लजवरून संकेश्वरला जाते आणि पुढं घटप्रभेला मिळते. पहिल्या दिवशी गोकाकला चहाच्या रंगाचं जे कोसळत होतं, त्यातलं काही पाणी इथलंच. इथं ते इतकं नितळ असतं की तळाचा खडा मोजता येतो. पोरांना हे जागेवर दाखवा, भूगोलाच्या पुस्तकातली नदी त्यांना उगमापासून कधी दिसत नाही.

घरी जाताना नदीच्या सोबतीनं चला. आजऱ्याला रामतीर्थावर नदी खडकांवरून पसरते, डबा खायला याहून चांगली जागा या रस्त्यावर नाही. बाजारातून आजरा घनसाळ तांदूळ घ्या, शिजताना शेजाऱ्यांना कळतो. गडहिंग्लजजवळ सामानगड आहे, १८४४ सालच्या गडकऱ्यांच्या उठावाची सुरुवात इथून झाली. पाय शिल्लक असतील तर तासभर द्या. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा गाडीत झोपलेल्या घरच्यांना उठवायचं धाडस झालं नाही.

गंमत म्हणजे संकेश्वरला तुम्ही पुन्हा कर्नाटकात असता, आणि कोगनोळीनंतर पुन्हा महाराष्ट्रात. रविवारी संध्याकाळी या पट्ट्यात गोव्याहून परतणाऱ्यांची झुंबड असते, म्हणून दुपारी तीनच्या आत संकेश्वर सोडा. घरी पोचलात की रात्री फास्टॅगचे मेसेज एकदा तपासा. माझे एका नाक्यावर दोनदा पैसे कापले गेले होते आणि ते महिन्यानं लक्षात आलं. तक्रार १०३३ या नंबरवर करता येते, गाडीचा नंबर आणि वेळ मात्र हाताशी हवी.